न बदललेल्या ओळी वाचणारा नाखवा

नाखवाला प्रोग्रॅममधल्या बदललेल्या ओळी दाखवण्यात अर्थ नसे. तो न बदललेल्या वाचत बसे. दिघीच्या कोळी घरातला हा गृहस्थ ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, दुरुस्त्या तपासणाऱ्या आमच्या गटात होता. वडिलांची होडी होती, म्हणून तो नाखवा. 'तुमी केलंय ते तुमी बघितलंय,' तो म्हणे, 'बाकीचं मी बघतो.'

त्याच्या शोकसभेत वक्ते म्हणाले, कर्नलच्या साखळीतली चूक आम्ही दोघांनी मिळून शोधली. धादांत खोटे. मी फक्त ती लपवली होती, तीही नकळत.

कर्नलमध्ये चालू कामांची साखळी असते. प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता. एक प्रोसेसर कडी काढून टाकत असताना दुसरा तीच वाचत असला, की यंत्र कोसळे. मी दोन ओळी बदलल्या. यंत्र दोन दिवस चालले. दुरुस्ती हजारो यंत्रांत जाणार म्हणून मी पेढेही वाटले. नाखवाने एवढेच लिहिले, 'वरची ती छापायची ओळ कशाला हाय?' काम कुठवर आले ते पडद्यावर छापणारी ती ओळ चूक शोधताना आदल्या आठवड्यात मीच घातली होती आणि विसरलो होतो.

अपमान सहन न होऊन मी आगरदांड्याहून फेरीबोटीने त्याच्या ओसरीवर पोहोचलो.

'तीस वर्षांचा अनुभव आहे माझा.'

'व्हय साहेब. ती ओळ काढून चालवा.'

चहा येण्याआधीच यंत्र कोसळले. छापण्यात जो क्षण जाई, तेवढ्यात दुसरा प्रोसेसर वाचून पुढे सरके. माझ्या दोन ओळी नुसत्या शोभेच्या होत्या.

मी तिथल्या तिथे चूक कबूल केली, असेही सांगतात. मुळीच नाही. आधी मी लॅपटॉपला दोष दिला, मग विजेला. सगळे ऐकून घेऊन नाखवा म्हणाला, 'दोर सोडायच्या आधी इचारतात, कुणाचा हात हाय का. तुमी इचारलंच न्हाय.' सगळे प्रोसेसर वाचून बाजूला होईपर्यंत कडी मोकळी करायची नाही, ही खरी दुरुस्ती त्याची. नोंदीत दुरुस्ती करणारा म्हणून मी त्याचे नाव लिहू लागलो, तर म्हणाला, 'माझं तपासणाऱ्यात घाला. फुटलं तर शिव्या दोघांना.'

तो गेल्यापासून माझ्या दुरुस्त्या अर्ध्या तासात मंजूर होतात. वयाचा मान राखतात म्हणे. म्हणून हल्ली मी पाठवण्याआधी स्वतःशीच भांडतो. दर वेळी मीच जिंकतो, आणि मग पाठवायचे धैर्य होत नाही.