हाडकं, घारी आणि रविवारची सभा

बायकोच्या तेरवीला क्लबातले एक जुने मेंबर आले होते. जेवले, हात धुतले, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, "काकूंच्या हातचं मटण आता मिळणार नाही गा. अन् आपल्या क्लबात सुरक्षिततेची चर्चा काय व्हायची! तशी शिस्त आता कुठं राहिली?"

मी मान हलवली. तेरवीच्या दिवशी माणसानं मान हलवायची असते, भांडायचं नसतं. पण त्या चर्चेत घंटी माझ्या हातात होती. शिस्त किती होती ते मला विचारा. चौथी शिकलेला माणूस आहे, लिहिणं वाकडंतिकडं होईल, चालवून घ्या.

गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. अमरावती रोडवर, वाडी गावाच्या पुढं एक माळ होता. तिथं दोन लहान विमानं, एक पत्र्याचं शेड, एक हॉल आणि हॉलपुढं व्हरांडा, एवढा आमचा क्लब. मोठ्या विमानतळाशी आमचा काही संबंध नव्हता, हे विमानतळाचं नशीब. मेंबर सगळे हौशी. अध्यक्ष संत्र्याचे व्यापारी, त्यांच्या खालोखाल एक वकीलसाहेब, बाकी डॉक्टर, इंजिनीअर, पैसेवाले. रविवारी सकाळी एकेक जण वर जायचा, वाडीला एक चक्कर मारून खाली यायचा आणि उरलेला दिवस त्या एका चकरेबद्दल बोलायचा. मी चपराशी. बायको रविवारचा स्वयंपाक करायची, त्या बदल्यात शेडमागची खोली आम्हाला राहायला होती. स्वयंपाक म्हणजे सावजी मटण. असा रस्सा की मोठमोठे साहेब डोळ्यांतून पाणी काढत, नाक पुसत, पुन्हा वाटी पुढं करायचे.

जेवणानंतर तिथंच व्हरांड्यात, उष्टी ताटं समोर ठेवून सभा. सभेत आधी खूप भांडणं व्हायची. अध्यक्ष आणि वकीलसाहेब दोघंही एकाच वेळी बोलायचे आणि दोघांनाही टेबलावरची पितळी घंटी हवी असायची. शेवटी ठराव झाला की घंटी चपराशाजवळ द्यावी. वकीलसाहेब म्हणाले, "याला यातलं काही समजत नाही, म्हणजे हा निष्पक्ष." तेव्हापासून कोण जास्त बोलला की मी घंटी वाजवायची, असं माझं काम. जेवण तयार झालं की वाजवायची तीही तीच घंटी. दुसरी कोण विकत आणणार?

आता घारींचं सांगतो. व्हरांड्यात ताटं घेऊन बसलं की साहेब लोक चोखलेलं हाडूक वर हवेत फेकायचे. घार येऊन अधांतरी झेलायची. "वा! माझी झेलली!" "तुमची चुकली, वकीलसाहेब!" अशी मजा. विमान उडवणारी मोठी माणसं, त्यांना दुसरं काही उडताना दिसलं की आनंद व्हायचाच. हळूहळू घारी शहाण्या झाल्या. रविवार त्यांना कसा कळायचा देव जाणे, पण घंटी मात्र पक्की कळायला लागली. मी घंटी वाजवली की चारी बाजूंनी यायच्या. आणि व्हरांड्यापुढंच धावपट्टी.

एक मुलगी शिकायला यायची. कॉलेजात होती, शहरातल्या महाल भागातून स्कूटरवर यायची. मेंबरांमध्ये बाई ती एकटीच. मटण खात नसे, म्हणून माझी बायको तिच्यासाठी वेगळं वरण लावायची. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर ती शिकवणाऱ्या कॅप्टनसोबत वर निघाली आणि चाकं जमिनीवरून उचलली न उचलली तोच घार समोरच्या काचेवर आपटली. काच फुटली. कॅप्टननं विमान कसंबसं खाली टेकवलं. पोरीच्या भुवईवर काचेनं कापलं होतं. बायकोनं हळद दाबली. पोरगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, बाबांनी सांगितलंय, आणखी एक ओरखडा आला तर उडणं बंद. पुढच्या महिन्यात मला एकटीनं उडायचंय."

"उडजो," बायको म्हणाली. "आधी हात काढ तिथून, हळद लागून राहिली."

मग सभा. विषय, सुरक्षितता. मी घंटी वाजवून सुरुवात केली आणि व्हरांड्यावर लगेच सातआठ घारी गोळा झाल्या. कोरम पूर्ण झाला म्हणायचा.

अध्यक्ष म्हणाले, "पक्ष्यांचा प्रश्न गंभीर आहे. सूचना मांडा."

वकीलसाहेबांनी बंदुकीची सूचना मांडली, कारण बंदूक त्यांच्याकडं होती. पुढच्या रविवारी त्यांनी दोन बार काढले. घारी उडाल्या आणि आवाज कसला झाला ते पाहायला परत आल्या. मग बुजगावण्याची सूचना आली. अध्यक्षांनी स्वतःचा जुना कोट दिला. चार दिवसांनी एक घार त्या कोटाच्या खांद्यावर बसून माझ्याकडं बघत होती. मला तर वाटलं, मी कामावर आहे की नाही ते बघायला अध्यक्षच आले.

तिसऱ्या सभेत ती मुलगी उभी राहिली. "व्हरांड्यात मटण खाणं बंद करा. निदान हाडकं फेकणं तरी बंद करा."

असा गलका झाला की मी तीनदा घंटी वाजवली. तिन्ही वेळा घारी खाली आल्या. मग वाजवायचं सोडून दिलं.

"पुरावा काय?" वकीलसाहेबांनी विचारलं. "घारी हाडकांसाठीच येतात, याला पुरावा काय?"

तेव्हा त्यांच्या स्वतःच्या ताटातलं हाडूक एक घार उचलून घेऊन गेली. त्याची कुणी नोंद घेतली नाही.

"अन् तू तर शाकाहारी," अध्यक्ष म्हणाले. "या विषयात तुझं मत धरता येईल का, हाच प्रश्न आहे. वैयक्तिक आवडनिवड सुरक्षिततेत आणू नये, बेटा."

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. यात कुणी अडाणी नव्हतं. डॉक्टर तर माझ्या कानात म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे गा, पण सहा दिवस घरी दुधी खातो मी." ठराव झाला की विषय पुढच्या रविवारी घ्यावा. जेवणानंतर.

त्या शनिवारी बायको बाजारातून आली ती वांगी घेऊन.

"मटण?" मी विचारलं.

"नाही आणलं."

"काहून वं?"

"भरीत करतो. भाकर करतो. ठेचा करतो."

"साहेब लोक खातीन काय भरीत?"

"खातीन, नाही त जातीन आपापल्या घरी. त्यायले बायका नाहीत का?"

"अवं, ही खोली मटणाच्या भरोशावर हाय. उद्या बाहेर काढतीन आपल्याले. कुठं जाशीन?"

तिनं वांगी विस्तवावर ठेवली. मग म्हणाली, "त्या पोरीच्या डोळ्यात काच गेली असती त तुमी मले काय म्हणले असते? खोली राहिली, म्हणले असते?"

बोलण्यात तिच्यापुढं मी कधी टिकलो नाही. चाळीस वर्षांत नाही टिकलो. आता घरात बोलायला मी एकटाच आहे, तर बोलायला काही नाही.

रविवारी वकीलसाहेबांनी भरिताच्या गंजावरचं झाकण काढलं आणि तसंच हातात धरून उभे राहिले. "हे काय आहे?"

"वांगं हाय, साहेब," बायको म्हणाली. "याले हाडूक नसते."

क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळे एकमतानं बोलायला लागले. बंदुकीवर एकमत नव्हतं, कोटावर नव्हतं, भरितावर झालं. सभा जेवणाआधीच भरली.

"बाई, तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?" अध्यक्षांनी विचारलं.

"अधिकार काहाचा? चूल माही हाय. तुमाले मटण पाहिजे त घरून डबा आणा. अन् हाडूक खिशात घालून घरी न्या. हे पोरगी एकटी उडाली का मंग मी पुन्हा करतो."

वकीलसाहेब उभे राहिले. "हरकत! या मेंबर नाहीत. यांना सभेत बोलता येत नाही. घंटी वाजव रे!"

मी घंटीवर पंजा ठेवला. "वाजवतो साहेब, पण घारी येतीन."

डॉक्टर हसले. बाकी कोणी हसलं नाही. मग ठराव झाला. यापुढं रविवारचं जेवण अध्यक्षांच्या गावातल्या गोदामात होईल, तिथं दुसरा स्वयंपाकी येईल, इथं स्वयंपाकीण लागणार नाही, म्हणून खोली महिनाअखेरीस रिकामी करावी. चपराशाला हे पटत नसेल तर त्यानंही जावं. घारींचा विषय वेळेअभावी राहिला.

साहेब लोक गोदामात जेवायला लागले. तिथं पंखा होता, जेवल्यावर झोप यायची, म्हणून सभाही बंद पडल्या. घारी मात्र आणखी दोनतीन रविवार येत राहिल्या. व्हरांड्याच्या कठड्यावर बसायच्या, बघायच्या, उठून जायच्या. मी घंटी चिंध्यांत गुंडाळून ठेवली होती. मग एकेक करून यायच्या थांबल्या.

खोली सोडायचा दिवस आणि पोरीचा एकटीनं उडायचा दिवस एकच निघाला. वाडीत एका ट्रकच्या गोदामामागं खोली पाहिली होती. बायकोच्या डोक्यात तिथं ड्रायव्हर लोकांसाठी खानावळ काढायचं होतं. मी भांडी बांधत होतो. ती शेडच्या मागं, धावपट्टीकडं पाठ करून, भिंतीशी बसली होती आणि नको तितक्या जोरानं परात घासत होती.

विमान सुरू झालं. आवाज लांब गेला, मग वर गेला.

"गेली का?"

"गेली."

"घार हाय का कुठं?"

"नाही वं. सारं साफ हाय. ये न, पाह्य."

"मी नाही पाहत. तुमी पाहा."

मी पाहत राहिलो. विमान वाडीवरून वळलं, मोठी चक्कर घेतली, बारीक झालं. परातीचा आवाज थांबला होता.

"आली का?"

"अजून नाही."

"येवढा वेळ काहून लागून राहिला?"

"अवं, चक्कर घ्या लागते. येते."

विमान खाली आलं, एकदा उसळलं, मग टेकलं आणि सरळ धावत गेलं. कॅप्टन टोपी काढून पळत सुटले. पोरगी उतरली आणि आमच्या शेडकडं हात हलवायला लागली.

"आली," मी म्हणालो.

बायकोनं तोंडावरून पदर फिरवला, उठली, परात पोत्यात घातली. तरी मागं वळून पाहिलं नाही. "मंग उभे काय राहिले? रिक्षावाला खोळंबला हाय. तो मोठा गंज तुमी घ्या, मले उचलत नाही."