खडकीचा थांबा आणि हॅवलॉकची बोट

माझ्या बायकोला मी एकदा खडकीच्या थांब्यावर सोडून बस पुढे नेली. त्यात माझी काहीही चूक नव्हती.

मी पुण्याच्या सिटी बसवर ड्रायव्हर होतो. शाळा चौथीपर्यंत. पण कंडक्टरने दोन घंट्या दिल्या की गाडी सोडायची, एवढं कळायला पाचवी लागत नाही. आरशात माणसं पळताना दिसायची. कुणी छत्री हलवायचं, कुणी कडेवरचं पोर उंच धरून दाखवायचं. मी गिअर टाकायचो. त्या दिवशी आरशात आमची कमल दिसली. दोन हातांत दोन पिशव्या. एका पिशवीतून कोबीचा गड्डा निसटला होता आणि तोही माझ्या बसमागे पळत होता. (खरं सांगायचं तर कोबी तिच्या पुढे होता.) दोन घंट्या झालेल्या होत्या. मी गेलो.

ही गोष्ट मी डेपोत सांगितली, रिटायर झालो त्या दिवशी हार गळ्यात असताना सांगितली, मुलाच्या लग्नात व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितली. कमल दर वेळी तिथंच असायची. गोष्ट संपली की "हं" म्हणायची. मला वाटायचं, तिला अभिमान वाटतो.

मागे एकदा ती म्हणाली, "अहो, जन्मभर अख्ख्या पुण्याला फिरवलंत. मला कुठं नेलंत?"

"स्वारगेटला नेलं होतं."

"ते तुमची ड्यूटी होती म्हणून."

हे आमच्या संजयने, म्हणजे मुलाने ऐकलं आणि अंदमानची तिकिटं काढली. विमानाने पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक नावाचं बेट. तिथं एकच संध्याकाळ मिळणार, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. कमलने समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिच्या लेखी पुलावरून दिसणारी मुळा, आणि तीसुद्धा कठडा धरून. सुनेसमोर ती म्हणाली, "मी समुद्रात उतरणार. पण यांचा हात धरून. एकटीला मला भीती वाटते."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको चारचौघांत असं बोलली. मी म्हणालो, "धर की. बघू समुद्र काय करतो ते."

पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर रांगेत नागपूरचं एक जोडपं भेटलं. मराठी माणूस भेटला म्हणून मी त्यांना खडकीची गोष्ट सांगितली.

"मग काकू काय म्हणाल्या?" नागपूरच्या बाईंनी विचारलं.

"काय म्हणणार? नियम म्हणजे नियम."

"हं," कमल म्हणाली आणि दशम्या-चटणीची पिशवी माझ्या हातात दिली. "ही सोडू नका. तिथलं खाणं तुम्हाला चालायचं नाही."

बोट आतून बससारखीच होती. तशाच खुर्च्या, मधून वाट. फक्त खिडक्या बंद आणि गारठा. सगळे बसले. मी बसलो नाही. गाडीला एक फेरी मारल्याशिवाय मी आयुष्यात गाडीत बसलेलो नाही. टायरला लाथ मारायची, खाली वाकून तेल गळतंय का बघायचं, मग चढायचं.

"अण्णा, बसा आता," संजय म्हणाला.

"गाडी बघून येतो."

"अण्णा, ही बोट आहे."

"मग बोट बघून येतो."

दारातल्या पोराने मला अडवलं. मी म्हणालो, "मैं ड्रायव्हर है." त्याने लगेच वाट दिली. (त्याला काय वाटलं असेल ते असो. मी खोटं बोललो नव्हतो.)

बोटीला पूर्ण फेरी मारता येत नाही, तीन बाजूंना समुद्र असतो. म्हणून मी धक्क्याच्या टोकाला गेलो आणि मागची बाजू बघितली. धूर काळा! एक माणूस जाड दोर सोडत होता. मी त्याला म्हणालो, "धुवा काला आता है. नोझल साफ किया क्या?"

"चाचा, हटो."

"हटो क्या? मैंने इतने साल इंजिन चलाया है. ये गाडी रस्ते में बंद पडेगी."

"चाचा, रस्ता किधर है?"

नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, ती कशी तुंबते, ते मी त्याला समजावू लागलो. तेवढ्यात बोटीने दोनदा भोंगा दिला. दोनदा वाजलं की गाडी सोडायची, ही सवय हाडात गेलेली. मी समाधानाने मान हलवली. म्हटलं, चला, वेळेवर सुटली.

मग लक्षात आलं की आपण खाली आहोत.

मी पळालो. पिशवी हलवत पळालो. वरच्या काचेच्या केबिनमध्ये कप्तान होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं ती माझ्याकडे होती. मागच्या काचेतून संजय दोन्ही हात हलवत होता, सून तोंडावर हात धरून उभी होती. कमल बसलेली होती. बोट लहान होत गेली आणि मग समुद्र राहिला.

फोन संजयच्या बॅगेत. नंबर पाठ नाही. धक्क्यावरच्या साहेबाने विचारलं, "छूट गया क्या?" मी म्हणालो, "नहीं. हवा खा रहा हूं." तासभर हवा खाल्ल्यावर मला त्यालाच जाऊन विचारावं लागलं, दुसरी बोट कधी. दुपारी एक सरकारी बोट होती. तिच्यात जागा नव्हती, पण धक्क्यावर एवढा म्हातारा एकटा बघून त्यांनी मला बटाट्याच्या पोत्यांवर बसू दिलं.

ती बोट पुढे कमी आणि वरखाली जास्त जात होती. स्वतः चालवताना मला कधी मळमळलं नाही. पण बटाट्यांच्या पोत्यांना स्टिअरिंग नसतं. माझ्या बसमध्ये कुणी उलटी करायला लागलं की मी खेकसायचो, "खिडकीबाहेर! गाडी घाण करू नका!" इथं कठड्यापर्यंतसुद्धा पोचता आलं नाही. डोक्यावर टोपी होती. ती कामी आली. समोर एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन बसली होती. तिने कोंबड्यांची तोंडं पलीकडे फिरवली.

टोपी समुद्रात सोडून दिली आणि उघड्या डोक्याने बसलो. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा लवकर मावळतो, हेही मला त्याच बोटीवर कळलं. मिळून एक संध्याकाळ, आणि ती डोळ्यांसमोर उतरत चाललेली. मला दिसत होतं, कमल वाळूत बसली असेल, कोरड्या पायांनी, रस्त्याकडे डोळे लावून. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे माझा हात, आणि तो हात इथं बटाटे धरून बसला होता. तिला काय सांगायचं ते मनात जुळवू लागलो. माफी मागायची सवय नसल्यामुळे प्रत्येक वाक्य नोझलवर येऊन थांबत होतं.

हॅवलॉकच्या धक्क्यावर न्यायला कुणी नव्हतं. म्हटलं, संपलं. बायको बोलायची बंद झाली. रिक्षावाल्याला म्हणालो, "समुद्र." तो म्हणाला, "कौनसा? चारों तरफ है." शेवटी जिथं सगळे टुरिस्ट जातात तिथं त्याने मला सोडलं.

पांढरी वाळू, मागे ही उंच झाडं, आणि पाणी असं की आपल्याकडे तसा रंग फक्त लग्नाच्या मांडवाला देतात. सूर्य टेकायला आला होता. वाळूत संजय डोकं धरून बसला होता. सगळे धक्के दोनदा पालथे घालून आल्यासारखं तोंड.

"अण्णा! धक्क्यावर फोनवर फोन केले. ते म्हणाले, एक म्हातारा बटाट्यांबरोबर पाठवलाय. मी न्यायलाच निघत होतो, पण आई बाहेर येत नाही."

"कुठून बाहेर येत नाही?"

त्याने बोट दाखवलं. कमल कमरेइतक्या पाण्यात होती. पदर खोचलेला, केस सुटलेले, नागपूरच्या बाईंचा हात धरलेला. लाट आली की दोघी ओरडत होत्या आणि लाट गेली की हसत होत्या. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आरशात तर नाहीच.

"कमल!"

"आलात?" ती तिथूनच म्हणाली. "शहाळं घ्या. गोड आहे."

"तुला भीती वाटत होती ना?"

"वाटली की. पहिल्या दोन लाटांना. मग म्हटलं, हे ओरडायला नाहीत, आज निवांत भिऊन घेऊ."

"माझा हात धरून उतरणार होतीस."

"मग या. धरते."

मी पायजमा वर केला आणि ऐटीत उतरलो. तिसऱ्या पावलाला लाट आली, आणि मी कुठे आणि आभाळ कुठे ते कळेना. नाकातोंडात पाणी. दंडाला धरून कुणीतरी मला उभं केलं. कमलने. तिने तो दंड सोडला नाही.

"अण्णा," संजय काठावरून ओरडला, "बोटवाले विचारत होते, परत धक्क्याला लावू का. आईच नको म्हणाली."

मी कमलकडे पाहिलं. "तू नको म्हणालीस?"

"हो. म्हटलं, आमचे हे स्वतः ड्रायव्हर आहेत. त्यांच्यासाठी गाडी थांबवलेली त्यांना आवडायची नाही." मग माझ्या हातातल्या भिजलेल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "पळताना पिशवीतनं काही पडलं नाही ना?"

सूर्य बुडेपर्यंत आम्ही पाण्यात होतो. जुळवलेली माफी तशीच राहिली. तोंडात मीठ होतं.

हल्ली खडकीची गोष्ट मी सांगत नाही. कुणी पाहुणा आला आणि सवयीने सुरू केलीच, तर दोन घंट्यांपर्यंत पोचलो की कमल आतून हात पुसत येते आणि म्हणते, "पुढचं मी सांगते." मी शेवटी "हं" म्हणतो. तिची गोष्ट चांगली आहे. तिच्यात समुद्र आहे, बोट वेळेवर सुटते, आणि कोबीच्या जागी मी आहे.