सुकलालचा खोलगट आरसा

प्रकाशा गावच्या सुकलाल न्हाव्याला राग यायला कारण लागत नसे. पण छप्पन साली, गिरधरबापूंच्या छगनच्या लग्नात, त्याला कारणही मिळालं.

रीत अशी, की नवरदेवाची दाढी झाली की न्हाव्यानं समोर आरसा धरायचा, नवरदेवानं स्वतःला डोळे भरून पाहायचं आणि मामानं न्हाव्याच्या डोक्यावर नवं पागोटं ठेवायचं. त्यासाठी सुकलालनं सुरतेहून मुद्दाम नवा आरसा मागवला होता. वाटीसारखा खोलगट, जवळ धरला की हनुवटीवरचा केस दोरखंडाएवढा दिसे. दाढी झक्क झाली. मग मांडवातल्या पाव्हण्यांनाही आरसा दिसावा म्हणून हा शहाणा चार हात मागे सरकला आणि ऐटीत त्यानं तो धरला.

आरशात पाट वर आणि छगन त्याला वटवाघळासारखा खाली लटकलेला.

बायांची गाणी थांबली. नवरदेवाला उलटा दाखवणारा न्हावी शुभकार्यात नको, असं बापूंनी फर्मावलं. पागोटं पेटीत परत गेलं. पुढचा मान शेजारगावच्या धुडकू न्हाव्याला. सकाळी, सुकलाल नवरदेवात गुंतलेला असताना, बापूंची दाढी त्यानंच केली होती. आजोबांपासून चालत आलेलं बापूंचं गिऱ्हाईक-घर सुकलालच्या हातचं गेलं.

सुकलालनं वस्तरा मिटला. तेवढंच मांडवाला जरा बरं वाटलं.

"बापू, आरसा उलटा नई शे. तुम्ही दूर शेतस."

आरशानं आपल्याला अक्कल शिकवू नये, असं बापू गरजले. सुकलालनं आरसा मांडवाच्या खांबाला टांगला आणि बापूंना दंडाला धरून चालवलं. एका पावलावर उलटे बापू मोठे झाले. दुसऱ्यावर चेहराच हरवला; आरसाभर नुसता फेट्याचा पिवळा धुरळा.

"आते नाक लावा."

बापूंनी नाक लावलं. बापू सरळ होते, भोपळ्याएवढे होते, आणि जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचं एक अख्खं वावर कापायचं राहिलं होतं.

बापूंनी तिथून बोट फिरवलं. धुडकू चपला शोधू लागला.

"बठस मी," बापू पाटाकडे वळत पुटपुटले.

"पहिले पागोटं," सुकलाल म्हणाला.

मामानं पेटी उघडली. पागोटं डोक्यावर आलं, पण राग काही उतरला नाही. बापूंची ती जागा सुकलालनं पाणी न लावता केली.