फिनाईलने विझवलेला गॅस

रनाळ्याच्या सिंधुबाईच्या शेडमध्ये कोंबड्या दोन हजार आणि गावाचं ऐकाल तर माशा दोन लाख. शेजारच्या रूपचंदच्या मुलीच्या लग्नात माशा वरणात पडल्या, तेव्हापासून त्याने डूख धरला. ग्रामसभेत ठरलं : दोन महिन्यांत घाण हटली नाही, तर शेडला कुलूप.

सिंधुबाईने तडक गोबरगॅसची टाकी बांधली. आधी शेण भरलं, मग कोंबड्यांची विष्ठा भरपूर पाण्यात कालवून थोडी थोडी सोडली. पंचवीस दिवसांनी शेगडी पेटली. मंगळवारी सरपंच कमलबाई पाहायला येणार होती.

मंगळवारी सकाळी काडी ओढली, तर नुसतं फुस्स. सिंधुबाई टाकीकडे धावली. नालीला भलताच वास येत होता आणि कडेला फिनाईलचे तीन रिकामे कॅन पडले होते. तिचा नवरा बन्सीलाल स्वच्छतेचा भोक्ता. पाहुणे येणार म्हणून त्याने रविवारी अख्खं शेड फिनाईलने धुतलं होतं, आणि ते पाणी नालीतून थेट टाकीत गेलं होतं. त्याला काही विचारायच्या आत कमलबाई, रूपचंद आणि गावातली माणसं दारात आली.

"ही टाकी नही, नाटक शे," रूपचंद म्हणाला.

सिंधुबाईने मान खाली घातली. चारचौघांत नवऱ्याचं हसं व्हावं, हे तिला नको होतं. "मन्हंच कायतरी चुकनं."

बन्सीलाल आजवर ग्रामसभेत कधी बोलला नव्हता. तो पुढे झाला. "तिन्हं नही. टाकीमा फिनाईल गयं. शेड मी धोयं."

रूपचंद हसला. कमलबाई हसली नाही. तिच्या घरी गोबरगॅस होता. "गॅस करनारा जंतू मरी ग्यात. विरजनमा फिनाईल पडनं तं दही लागी का? मन्ही टाकीमाईन स्लरी लई जा. पंधरा दिन दिधात. मंग कुलूप."

बन्सीलालने टाकी उपसली. कमलबाईकडून ड्रम भरभरून स्लरी, म्हणजे तिच्या टाकीतला कुजलेला शेणकाला, आणून ओतली. 

सोळाव्या दिवशी तीच माणसं शेगडीभोवती उभी राहिली. सिंधुबाईने काडेपेटी नवऱ्याच्या हातात दिली. "तुम्हीच पेटाडा."

पहिली काडी विझली. दुसरीही विझली. रूपचंदने घसा खाकरला. तिसऱ्या काडीला शेगडीने निळी ज्योत धरली आणि ती टिकली.

दोन महिन्यांत एकदाही न रडलेली सिंधुबाई पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. बन्सीलाल मात्र बोटाला चटका बसेपर्यंत काडी तशीच धरून उभा होता.