आर्णीच्या रांगेतला शेवटचा भाग

माझे सासरे माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, आणि ते ऐकून मी भरल्या ताटावरून उठलो.

त्याआधी "हं" आणि "बसा" याच्या पुढे आमचं संभाषण गेलं नव्हतं. हा अपमान नव्हे हो! मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) सगळ्यांशीच असे. त्यांचा जीव दोनच गोष्टींत होता. एक, स्वतःचा कापूस. आर्णीच्या खरेदी केंद्रावर त्यांच्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, आजवर पहिल्या प्रतीच्या खाली कुणी उतरवलं नव्हतं. वेचणीच्या बायांना ते बजावत, "बोंडाचं टरफल दिसलं तं चहा बंद!" आणि दुसरी गोष्ट म्हणजे टीव्हीवरची 'नववी खिडकी' ही मालिका. तिच्यात एका बंगल्याच्या नवव्या खिडकीत पांढराफटक चेहरा दिसायचा, दिवा विझायचा आणि सकाळी घरातलं एक माणूस कमी झालेलं असायचं. खुनी कोण ते वर्षभर कुणाला कळलं नव्हतं. मामाजींचा संशय डॉक्टरवर होता, आणि तो त्यांनी एका शब्दात जाहीर केला होता. "डॉक्टर."

मी यवतमाळचा. आमच्या घरात तीन पिढ्या नुसत्या फायली पिकवतात. मी लोहाऱ्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात. कापूस मी फक्त गादीत पाहिलेला. आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी लग्नाची बोलणी चालू असतानाही सांगितलं होतं (कुणी विचारलं नव्हतं).

ते दिवस कापसाला वाईट. व्यापारी मातीमोल भावानं मागत, म्हणून जो तो खरेदी केंद्राकडे धावे, आणि केंद्र आज उघडलं की उद्या बंद. बंड्यांची रांग फाटकापासून थेट नाल्यापलीकडे गेलेली. रांग सोडली की नंबर गेला! मामाजी आठवडा झाला तिथंच बंडीखाली झोपत होते, आता कुठं फाटक दिसायला लागलं होतं. आणि नेमका त्याच संध्याकाळी 'नववी खिडकी'चा शेवटचा भाग.

"अहो, तुम्ही टीव्ही घेऊन जा ना," वंदना म्हणाली. वंदना म्हणजे माझी बायको; आम्ही तेव्हा तिच्या माहेरी आलो होतो.

"कुठं घेऊन जाऊ?"

"रांगेत." जसा काही डबाच पोचवायचा होता! "वर्षभर पाह्यलं हो बाबानं. अन् खुनी सापडायच्या दिवशी बैलायचं तोंड पाहत बसतीन का ते?"

मलाही वाटलं, हीच संधी आहे. टीव्ही पाहून तरी मामाजी माझ्याशी चार शब्द बोलतील. घरात बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही होताच. बॅटरी आणली शेजारच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी, आणि बॅटरीबरोबर ते स्वतःही आले.

"जवाईबापू, टीव्ही तुमचा, बॅटरी माझी, अन् खुनी ती विधवा बाई! मैं लिख के देता."

निघताना मी माकडटोपी चढवली. आईनं विणलेली, चॉकलेटी लोकरीची, वर गोंडा.

"ते ध्यान काढा हो डोक्यावरचं! बाबा काय म्हणतीन?"

"तुझे बाबा कधी काही म्हणतात का?" मी म्हणालो आणि सलीमभाईंच्या स्कूटरवर टीव्ही मांडीत घेऊन बसलो.

केंद्रावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. लोडशेडिंगमुळे एकही दिवा नाही. धुकं उतरलेलं, आणि त्या धुक्यात एकामागे एक पांढरे ढीग, कुठवर गेलेत ते दिसत नव्हतं. शेदोनशे माणसं असतील, पण बोलत कुणी नव्हतं. घोंगड्या पांघरून सगळे चाकांना टेकलेले. मधूनच एखादा बैल मान हलवी, घंटा वाजे आणि पुन्हा सगळं चिडीचूप. मला उगाच मागे वळून पाहावंसं वाटलं. (पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा पाहिलं.)

मामाजी म्हणाले, "बसा."

त्यांच्या मागच्या बंडीवर सखुबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं मला कंदिलाच्या उजेडात खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जवाई, अंगात पांढरं काई नाई ना घातलं?"

"नाही. का हो?"

"इथं पांढऱ्या लुगड्यातली बाई फिरून राह्यली. रांगेतून जाते. ज्याच्या बंडीले हात लावन, त्याचा कापूस फरदड!"

फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा कचकट माल, सगळ्यात खालची प्रत. मला हसू आलं. हे कसलं भूत, बिनपगारी ग्रेडर! पण हसायला दुसरं कुणीच तयार नव्हतं.

"हसता कायले? परवा त्या लोणीवाल्याच्या बंडीले हात लावला. बरफावानी कापूस त्याचा! सायबानं फरदड लिहला."

मामाजींनी आपल्या कापसावरचं पोतं नीट केलं. त्याचे चारी कोपरे पुन्हा एकदा खोचले. गंमत जाऊ द्या, त्या ढिगात त्यांचं अख्खं साल होतं.

आम्ही बंडीच्या मागे खोक्यावर टीव्ही मांडला. बॅटरी जोडली. पडद्यावर नुसत्या मुंग्या! सलीमभाईंनी अँटेना इकडे फिरवली, तिकडे फिरवली. उंच धरली की चित्र दिसायचं, खाली आणली की मुंग्या.

"कोणीतरी वर चढून धरा लागते," सलीमभाई म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जावई, मी रिकामा, आणि सगळ्यांत उंचही मीच. मामाजींनी पोतं बाजूला केलं, माझ्या चपलांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हं." मी चपला काढून कापसावर चढलो. दवानं ओलसर झालेला कापूस त्यांनी दुपारीच हातानं मोकळा करून सुकवला होता. गुडघ्यापर्यंत पाय गेला, पण तिथं टिकला.

अँटेना डोक्यावर धरली आणि खालून आवाज आला, "आलं! आलं! हलू नका, जवाई!"

आता माझी पंचाईत ऐका. टीव्हीचं तोंड लोकांकडे आणि पाठ माझ्याकडे! ज्या भागाची महाराष्ट्रभर चर्चा होती, तो मी लोकांच्या तोंडावर पाहिला. रांगेतली सगळी माणसं येऊन बसली होती आणि त्या निळ्या उजेडात मला नुसते चेहरे दिसत होते. धड कुणालाच नाही. शेदोनशे चेहरे एकटक माझ्या दिशेला पाहताहेत, तोंडं उघडी, पापणी हलत नाही. मधे दोन बैलसुद्धा! पडद्यावर किंकाळी फुटली की सगळे चेहरे एकदम पांढरे व्हायचे, मग काळे. सांगतो तुम्हाला, भुतांवर विश्वास नसलेल्या माणसानं असल्या जागी उभं राहू नये.

आणि मग मला ती दिसली.

अगदी मागे, शेवटच्या माणसाच्याही मागे, धुक्यात एक बाई उभी. अंगावर पांढरं. सगळ्यांच्या तोंडावर निळा उजेड पडत होता, तिच्या तोंडावर नव्हता. आणि ती टीव्हीकडे बघत नव्हती. वर बघत होती. माझ्याकडे!

"सखुबाई?" मी हळूच म्हणालो.

"चूप बसा हो! दार उघडून राह्यला तो!" खालून दहाजण ओरडले.

मी डोळे मिटून उघडले. ती बंडीच्या बाजूला सरकल्यासारखी वाटली. मी घाईनं मागे झालो आणि तिथं कापूस नुसता पिंजलेला होता. कमरेपर्यंत गेलो. चित्र गेलं!

"जवाई! वर व्हा! वर!"

"मामाजी, मी बुडतोय!"

"हं," मामाजी म्हणाले. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

धडपडून अँटेना वर केली. चित्र आलं. मी छातीपर्यंत गेलो. खालून मालिकेचा आवाज येत होता, कुणीतरी धापा टाकत विचारत होतं, "कोण आहे? कोण आहेस तू?" आणि पाऊल वाजत होतं. एक. मग दुसरं. चेहऱ्यांवरचा उजेड विझला. रांगेतला एकही माणूस श्वास घेईना. तेवढ्यात माझ्या घोट्याला काहीतरी लागलं (बंडीचा दांडा, दुसरं काय असणार!) आणि मी तोंडावर पालथा कापसात गेलो.

कापसाच्या पोटात कधी गेलात का? आवाजच बंद होतो. नाकात कापूस, तोंडात कापूस, डोळ्यांपुढे पांढरं का काळं तेही समजेना. मी जिवाच्या आकांतानं हातपाय मारले आणि एकदम उसळून वर आलो. लोकरीचा स्वेटर, लोकरीची पॅन्ट (आईनंच विणलेली, हो!), आणि तिला चिकटलेला मामाजींचा पहिल्या प्रतीचा कापूस, नखशिखांत! हातात वाकडी अँटेना. अँटेना वर गेली, चित्र क्षणभर आलं, माझ्यावर उजेड पडला. मला ओरडायचं होतं, "मी आहे, जावई!" तोंडात बोळा. आवाज निघाला तो नुसता "ऊंऽऽ" असा.

मग काय विचारता! "आली वंऽऽ माय!" म्हणत सखुबाई पडली ती सलीमभाईंच्या अंगावर. सलीमभाईंच्या पायात वायर अडकली, बॅटरी एकीकडे, टीव्ही दुसरीकडे. बैलांनी दावी तोडली. अंधारात घोंगड्या घेऊन माणसं नाल्याकडे पळाली आणि नाल्याकडची इकडे पळत आली. जागेवर फक्त मामाजी उभे होते, बंडीचं चाक दोन्ही हातांनी धरून.

सलीमभाईंनी टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावर मारला. "या खुदा! हे तं आपले जवाईबापू!"

लोक परत आले, आणि भूत नाही म्हटल्यावर सगळा राग माझ्यावर. मग घोंगड्यांतून एकेक आवाज उठू लागला.

"शेवट कोनं पाह्यला?"

"मी पाह्यला. डॉक्टरच होता."

"कायचा डॉक्टर? बाईचा हात होता, बांगडी दिसली मले!"

"शेवट लय भंगार केला पण."

"भंगार काहून? एक नंबर शेवट! अंगावर काटा आला ना बाप्पा!"

"थो काटा जवाईनं आणला, शेवटानं नाई!"

मी सखुबाईला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही मघाशी मागे उभ्या होत्या का? पांढरं नेसून?" ती म्हणाली, "मी तं पार टीव्हीच्या नाकासमोर बसली होती. अन् माह्यं लुगडं हिरवं हाय." तिनं कंदील वर करून दाखवलंही. मी पुढे काही विचारलं नाही. माकडटोपीही गेली होती. पळापळीत कुणाच्या तरी पायाखाली गेली असेल, असं म्हणून तो विषयही मी सोडला. त्या अंधारात टोपी शोधायला मागच्या बाजूला कोण जाणार!

सकाळी फाटक उघडलं. मामाजींचा नंबर आला. ग्रेडरसाहेबांनी मूठभर कापूस घेतला, ओढून पाहिला, मान डोलावली. मामाजी ताठ झाले. मग साहेबांनी कोपरापर्यंत हात खोल घातला, थांबले, आणि ओढून काढली माझी माकडटोपी. गोंड्यासकट. तिच्या चॉकलेटी लोकरीचे धागे हातहातभर कापसात पिंजून बसलेले!

"हे काय हो काका? जनावर पाळलं का कापसात?"

मामाजींनी टोपी साहेबांच्या हातातून घेतली. साहेबांनी लिहिलं, फरदड.

मागून सखुबाईचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं! जिथं हात लावन थे बाई..."

दुपारी घरी जेवायला बसलो. वंदना वाढत होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती. मामाजी खाली मान घालून भाकर मोडत होते. मला खरंच रडू येईल असं झालं होतं. एवढ्यात सलीमभाई धावत आले.

"वणीले माझा साला राह्यते ना, तिथं लाइट होती! त्यानं पूरा भाग पाह्यला. खुनीचं तोंडच दाखवलं नाई! पाठमोरा उभा राह्यते, अन् खल्लास! वणीत अर्धे म्हणतात क्या बात है, अन् अर्धे टीव्ही फोडाले निघाले. बोला आता! पूर्ण महाराष्ट्रात कोणालेच खुनी दिसला नाई!"

मामाजींनी घास खाली ठेवला, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे बोट करून शांतपणे म्हणाले, "आमाले दिसला ना, कापसातून वर आला, माह्या सालभराच्या मेहनतीचा गळा दाबला, अन् आता माह्याच घरी बसून ठेचा-भाकर खाऊन राह्यला."

वाक्य पूर्ण होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं. मी ताटावरून उठलो.

टोपी मामाजींनी परत दिली नाही. पुढच्या हंगामात त्यांनी ती शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बुजगावण्याला चढवली. दिवसा मी ते पाहिलं तर आपलं काठी आणि जुना सदरा. पण दिवे लागायच्या वेळेला त्या बाजूनं कुणी जात नाही म्हणे. दिवाळीला गेलो तेव्हा कापूस पहिल्या प्रतीचा निघाला होता, मामाजी खुशीत होते, आणि त्यांनी मला अंगणात थांबवून आपण होऊन दुसरं वाक्य ऐकवलं.

"जवाई, तुमची टोपी लावल्यापासून वावरात एक डुक्कर फिरकलं नाई."

इतकं कौतुक माझं ऑफिसात आजवर कुणी केलेलं नाही!