म्हाळूबाबाचं सोंग

कुसळवाडीत धुळवडीच्या दिवशी तहसीलदाराचं सोंग निघायचं. चावडीपुढं बाज टाकायची, बाजेवर घोंगडी आणि घोंगडीवर सोंग. कुणीही तक्रार घेऊन यावं, सोंगानं निवाडा द्यावा आणि दिवस मावळेपर्यंत गावानं तो हुकूम खरा मानावा. एका साली सोंगानं कुलकर्ण्याला बायकोसाठी पाणी शेंदायला लावलं आणि कुलकर्ण्यानं मुकाट चार घागरी शेंदल्या. दुसऱ्या दिवशी आडावर पुन्हा तीच बाई. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. एक दिवस म्हणजे एक दिवस.

हे सोंग नऊ वर्षं सुग्रीव घेत होता. ते बसवलं होतं मात्र त्याच्या बायकोनं, साखराबाईनं. गावाला एवढंच ठाऊक होतं की मेंढरांमागं हिंडणारा हा अबोल माणूस बाजेवर बसला की दुसराच कुणी होतो.

सुग्रीवाचं झोपडं गावाबाहेर, सरकारी कुरणाच्या कडेला होतं. त्याचा बाप म्हाळू चाळीस वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन आला आणि इथंच राहिला. सुग्रीव इथं जन्मला, म्हाळू इथंच मेला. तरी सुंदरराव पाटलाच्या दप्तरात ते घर गावचं नव्हतं. ते पाटलानं समजून-उमजून तसं ठेवलं होतं. गावचा माणूस कुरणात हक्कानं चारतो, उपरा पाटलाच्या मर्जीनं. मर्जी राखायची तर उन्हाळ्यात मेंढरं आधी पाटलाच्या रानात बसवायची. बाकीचे शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. पाटील नुसतं ‘बघू’ म्हणायचे.

हे ‘बघू’ साखराबाईनं फार जवळून पाहिलं होतं. ती पाटलाच्या घरी सारवायला, दाणे निवडायला जायची. बोलायच्या आधी पाटील डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचे, दोनदा खाकरायचे, समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या पायांकडं बघायचे आणि मग म्हणायचे, ‘बघू.’ जेवणानंतर ओसरीवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे आणि कुणी गाऱ्हाणं सांगायला लागलं की मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचे, ‘ऐकतोय, ऐकतोय.’ पाटलीणबाई, रुक्मिणीबाई, एकदा सूप पाखडता पाखडता म्हणाल्या होत्या, “आमच्या लग्नात भटानं सावधान म्हटलं तवा बी ह्येंनी ऐकतोय म्हटलं आसंल.” साखराबाई हसली नव्हती. मोठ्या घरात हसायचं कुठं आणि कुठं नाही, हे तिला कळत होतं. घरी येऊन भाकरी थापताना मात्र तिनं नवऱ्याला ते सगळं करून दाखवलं. पिठाच्या बोटांनी कान धरला, त्याच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाली, “बघू.”

सुग्रीव आधी हसला. मग म्हणाला, “परत कर.”

त्याच वर्षी जुना सोंगाड्या मेला आणि बाज रिकामी झाली. सुग्रीवानं तहसीलदार कधी पाहिला नव्हता. गावातही कुणी पाहिला नव्हता. तो आष्टीला असायचा, हुकूम तेवढे यायचे. मोठा माणूस म्हणजे असाच असणार, असं सुग्रीवानं धरलं. गावानंही धरलं. पाटील धुळवडीला सकाळी बाजेपुढं नारळ फोडायचे आणि अंगरख्यावर शेण-चिखल नको म्हणून घरी निघून जायचे. त्यामुळं पाटील आणि सोंग गावानं कधी एका जागी बघितले नव्हते.

दप्तरातल्या फसली सन तेराशे पंचवीसला सरकारचा हुकूम आला. कुरणात फक्त गावच्या रयतेनं चारायचं, उपऱ्यांनी पाडव्याच्या आत कुरण सोडायचं. उपरा कोण, हे तहसीलदार स्वतः गावात येऊन पाटलाला विचारणार आणि लिहून नेणार. मुक्काम पडला नेमका होळीच्या दिवशी.

“तुमी पाटलाच्या कानावर घातलं का?” साखराबाईनं विचारलं.

“घातलं. बापाच्या पासून इथं हाव म्हनलं.”

“मंग?”

सुग्रीवानं डावा कान धरला. उत्तर द्यायची गरज उरली नाही.

कुरण गेलं तर मेंढरं घेऊन चालायचं, एवढंच हाती उरत होतं. साखराबाईला पाचवा महिना होता. आधीची दोन बाळंतपणं दुष्काळाच्या सालांत अशीच वाटेवर झाली होती, आणि दोन्ही मुलं राहिली नव्हती.

धुळवडीच्या सकाळी चावडीवरनं निरोप आला की सोंग निघू द्या, साहेबांना बघायचंय. साखराबाई म्हणाली, “आवं, यंदा जरा येगळं करा. कान बिन नको. पाटील बी बसनार हायत तितं.”

“मंग काय करू?”

“खरा तहसीलदार आलाय की. त्येलाच बघून या.”

सुग्रीव तहसीलदाराच्या तंबूपर्यंत जाऊन आला. येऊन दारातच उकिडवा बसला.

“कसा हाय?”

“बारीक हाय. चश्मा घालतो. पोट दुखतंय म्हनून ओव्याचं पानी पीत बसलाय. मला बघून म्हनला, काका, उन्हात उभे का, सावलीत या.” तो घुटमळला. “त्येचं सोंग कसं घ्यायचं? त्येच्यात घ्येन्यासारखं काय न्हाईच. गाव म्हनंल, ह्यो कसला तहसीलदार.”

 साखराबाईनं फेटा बांधून दिला.

चावडीपुढं गाव जमलं. एका अंगाला सतरंजीवर तहसीलदार, त्याचा लिहिणारा पेशकार आणि सुंदरराव पाटील. दुसऱ्या अंगाला, मारुतीच्या पाराआड, बायका. रुक्मिणीबाई पुढं, साखराबाई मागं. सुग्रीवानं सुरुवातीला हात मांडीवर दाबून ठेवले. पहिल्या तक्रारीला कुणी हसलं नाही. दुसरीलाही नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “आज तहसीलदार आजारी हाय का बे?” आणि सुग्रीवाचा हात आपसूक कानाकडं गेला. पायांकडं बघून तो म्हणाला, “बघू.” गाव हसलं आणि मग तो थांबला नाही. शेळी हरवलेल्या म्हातारीपुढं तो डोळे मिटून ‘ऐकतोय, ऐकतोय’ करत बसला तेव्हा तहसीलदारानं चष्मा काढून डोळे पुसले.

हसता हसता तो शेजारी पाटलाकडं वळला. “पटेल, बुढियाला शेळी मिळणार का?”

पाटलांनी डावा कान धरला. दोनदा खाकरले. म्हातारीच्या पायांकडं पाहून म्हणाले, “बघू.”

त्याच वेळी बाजेवरही तोच हात त्याच कानावर होता.

हसू थांबलं. कुत्र्यालासुद्धा कुणी हाडहाड केलं नाही. त्या शांततेत पाराआडून एक बाई खुदकन हसली आणि तिला ते आवरेना. रुक्मिणीबाई होत्या त्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

तहसीलदार कधी बाजेकडं, कधी पाटलाकडं बघत राहिला. हुशार माणूस होता. हळू आवाजात त्यानं विचारलं, “ही नक्कल कोणाची? माझी तर नाही.”

सुग्रीवाचा हात कानावरच राहिला होता. पाटलांचा हात मात्र खाली आला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडून राहिला. पाटील सुग्रीवाच्या तोंडाकडं बघत होते. ते कुणाच्या तोंडाकडं बघताना साखराबाईनं पहिल्यांदाच पाहिलं. ती नजर तिथून हलवली पाहिजे, एवढंच तिला सुचलं. पुढं गाव म्हणायचं, लई डोकेबाज बाई. पण त्या घडीला तिच्या डोक्यात एवढंच होतं.

ती बायकांतून पुढं आली. “सरकार, ती माज्या सासऱ्याची नक्कल हाय. म्हाळूबाबाची. अकरा वर्सं झाली त्यास्नी जाऊन. आसाच कान धरायचे.”

“तुझा सासरा?”

“व्हय जी. ह्येंचा बाप.”

तहसीलदारानं पाटलाकडं वळून विचारलं, “तुम्ही पाहिला होता का त्याला?”

पाटलांपुढं आता दोनच वाटा होत्या. नाही म्हणावं, तर हा कान कुणाचा हा प्रश्न उरलाच. हो म्हणावं, तर म्हाळू गावचा ठरत होता.

“हो,” पाटील म्हणाले. “पाहिलाय की. असाच बसायचा म्हाळू. वडिलांच्या वेळचा माणूस. मी पोरगा होतो तेव्हापासून बघतोय.”

“इथंच राहायचा?”

“इथंच.”

पेशकारानं मान वर केली. “हुजूर, हे मेंढपाळ यादीत उपरे लिहिलेत.”

“मग दुरुस्त करा,” तहसीलदार म्हणाला. “पटेल स्वतः सांगतायत, दोन पिढ्या झाल्या म्हणून.” आणि तो पुन्हा पाटलाकडं बघून अगदी थोडं हसला.

कुरण राहिलं. आषाढात झोपडीतच साखराबाईला मुलगा झाला, आणि तो जगला.

सुग्रीव मात्र धुळवडीपासून आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी मेंढरं सोडता सोडता म्हणाला, “माजा बाप उभ्या जल्मात बाजेवर बसला न्हाई. कुनी पाटील-कुलकर्नी दिसला की पायतान हातात घ्यायचा.”

“मला ठावं हाय.”

“आन तू त्येला गावापुढं तसला केला.”

“मंग कुनाचं नाव घ्यायचं व्हतं?” साखराबाई म्हणाली. “जित्याचं घ्येतलं आसतं तर आपन आज वाटंवर असतो.”

 तो मेंढरं घेऊन गेला.

पाटलाच्या घरून तिला तीन महिने बोलावणं आलं नाही. मग रुक्मिणीबाईंनीच सांगावा धाडला. सारवता सारवता साखराबाईनं पाहिलं, ओसरीवर पाटील ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. “कान धरायचा सोडलाय त्यांनी,” रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. “आता बोलायच्या आधी हात कुटं ठिवावा त्येच कळंना. रात-रात कूस बदलत्यात. मी हसाया नको व्हतं गं.” पण हे सांगतानाही त्यांचा पदर तोंडाकडं गेलाच. दोनच वर्षांनी मानमोडीच्या तापाच्या साथीत पाटील गेले. शेवटपर्यंत त्यांनी कान धरला नाही.

सोंग मात्र चालू राहिलं. पुढल्या धुळवडीला चावडीवरनं आरोळी आली, “सुग्रीवा, म्हाळूबाबाला आन रं.” सुग्रीव आधी नाही म्हणाला. मग गेला, कारण पेशकारानं लिहून नेलेला कागद त्याच नावावर उभा होता. हळूहळू लोक तहसीलदाराचं सोंग म्हणायचं विसरले. ज्यांनी म्हाळूला पाहिलं होतं ते म्हातारेही शपथेवर सांगू लागले की म्हाळू असाच होता, गाऱ्हाणं सांगितलं की डोळे मिटायचा. नवी माणसं तर ते धरूनच चालली.

सुग्रीव गेल्यावर बाज मुलाकडं आली. मुलाची बायको शिवकन्या, मांजरसुंब्याकडची. पहिल्या धुळवडीला घरी येऊन ती हसत म्हणाली, “आज्जेसासरे लई खट दिसत्यात. ऐकतोय, ऐकतोय.”

साखराबाई चुलीपुढं होती. इतक्या वर्षांनी तिनं पहिल्यांदा सांगितलं. “तसले नव्हते गं ते. ते पाटलाचं हाय. मीच सांगितलं म्हाळूबाबा म्हनून.”

“कावून?”

साखराबाईनं सगळं सांगितलं. तंबू, चष्मा, कान, पेशकार. शिवकन्येनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आत्याबाई, सगळं गाव खोटं बोलतंय व्हय?” ती रागावली नव्हती. तिला ते खरंच पटत नव्हतं.

“मंग कसे व्हते ते?” तिनं थोड्या वेळानं विचारलं, सासूचं मन राखायचं म्हणून.

साखराबाईनं आठवायला सुरुवात केली. म्हाळू उभ्यानं जेवायचा. नवं कोकरू आईला लुचत नसलं तर करंगळीला दूध लावून त्याच्या तोंडात घालायचा. ती नवी सून म्हणून आली तेव्हा पहिल्या दिवशी तो म्हणाला होता... काय म्हणाला होता ते तिला आठवेना. डोळ्यांपुढं येत होता तो हात, कानाकडं जाणारा. तिनं भाकरी उतरवली, राख झटकली, पुन्हा आठवून पाहिलं. तरी तेच.

“लई कमी बोलायचे,” ती शेवटी म्हणाली, आणि पुढच्या भाकरीसाठी पीठ ओढून घेतलं.