माझ्या मापाची पिकअप

काचबिंदूने माझ्या मिस्टरांची बाजूची नजर गेली. समोरचं त्यांना नीट दिसतं, पेपरही वाचतात. पण डावी-उजवीकडून कोणी आलं तर अगदी अंगाजवळ येईपर्यंत कळत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी राइस मिलचा तांदूळ ट्रकने रायपूर, जगदलपूर, पार विशाखापट्टणमपर्यंत पोचवला. डॉक्टरांनी आता गाडी चालवू नका असं सांगितलं, तेव्हा त्यांनी चाव्या मालकाच्या हाती दिल्या, अड्याळला घरी आले आणि जेवायला बसले.

मी त्याच सुमाराला प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते. स्कूटी चालवता येतच होती. भंडाऱ्याला क्लास लावून कार शिकले आणि लायसन्सही काढलं. दवाखान्यात जायला-यायला उपयोगी पडेल, एवढाच तेव्हा विचार होता.

मग पवनीकडे एकाने पर्यटकांसाठी चाकांवरची खोली बनवून घेतली होती, ती विकायला निघाली. आत दोन पलंग, छोटा ओटा, खिडक्यांना जाळ्या. ती गाडीमागे जोडून न्यायची. मिस्टर पाहून आले आणि म्हणाले, घेऊन टाकू. रायपूर-जगदलपूर रस्त्यावरच्या केशकालच्या घाटाबद्दल, तिथल्या धुक्याबद्दल मी त्यांच्याकडून इतकं ऐकलं होतं की घाट मी पाहिलाच आहे असं मला कधी कधी वाटायचं. पण मी कधी राज्याच्या हद्दीजवळच्या देवरीच्या पुढे गेले नव्हते. खोली आम्ही घेतली. गावाने तिचं नाव ट्रॉली ठेवलं. आता ती ओढायला एक जुनी पण दमदार पिकअप हवी होती.

पहिली पाहिली ती भंडाऱ्याला, हायवेवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. दुकानदार मिस्टरांशीच बोलत होता. इंजिन, टायर, मायलेज, सगळं त्यांनाच सांगत होता. मला त्याने खुर्ची आणि पाणी दिलं. मिस्टरांनी बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी खुशी दिसली. मग मी उठले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सीट पुढे सरकत नव्हती. क्लच पूर्ण दाबायला मला कंबरेतून घसरावं लागत होतं आणि बॉनेटपुढचा रस्ता दिसतच नव्हता. ही नको, असं मी म्हटलं. दुकानदार हसून म्हणाला, काकू, सवय होते.

परतताना बसमध्ये मिस्टर नाराज होते. इंजिन असं पुन्हा मिळणार नाही, पाठीमागे उशी घेतली असती तर जमलं असतं, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. मी बराच वेळ ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "आपण गाडी तुमच्यासाठी पाहून राहिलो का माझ्यासाठी?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि कंबरेपासून टाचेपर्यंत वितीने माप घेतलं. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

दुसरी गाडी कोंढ्याच्या एका शेतकऱ्याची होती. सीट माझ्या मापाची होती. पण मिस्टर गाडीखाली आडवे झाले आणि चेसिसवरून मागपर्यंत हात फिरवत गेले. ट्रॉलीचा हुक जिथे बसणार, तिथेच त्यांच्या बोटांना वेल्डिंगची गाठ लागली. शेतकऱ्याने लपवलं नाही; पुलाच्या कठड्याला मागून ठोकली होती म्हणाला. भाजीपाला वाहायला चांगली आहे, पण मागे ओढ पडली तर सांगता येत नाही, असं मिस्टर आणि शेतकरी दोघांचंही मत पडलं. त्याने आम्हाला चहा पाजला आणि आम्ही निघालो.

तिसरी वरठीच्या एका कामगाराकडे मिळाली. चार दारांची, रंग उडालेली, हुक आधीच बसवलेला. तिचे बाजूचे आरसे मोठे होते, म्हशीच्या कानांसारखे बाहेर आलेले. ट्रॉली ओढून पाहिल्याशिवाय घेणार नाही, असं मी सांगितलं. आता मिस्टर मध्ये बोलत नव्हते. "इलेच विचारा, चालवणार हेच आहे," एवढंच त्यांनी त्याला सांगितलं.

तो गाडी घेऊन अड्याळला आला. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान मोकळं होतं. ट्रॉली जोडली. पुढे न्यायला काही अडचण आली नाही. मागे घेताना मात्र मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे वळायची. मिस्टर मागे उभे राहून हाताने इशारे करत होते. मी पुन्हा वळवली तेव्हा ट्रॉलीचा मागचा कोपरा वळत त्यांच्याकडे जाऊ लागला. ते ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे पाहत होते. हात अजून "येऊ दे" म्हणून हलत होता. मला ते आरशात दिसले आणि मी ब्रेक दाबला.

मी उतरून धावत गेले. कोपरा त्यांच्या खांद्यापासून हातभर दूर होता. त्यांनी मान वळवून तो पाहिला, त्यावर हात ठेवला.

"मले दिसलंच नाई," ते म्हणाले.

डॉक्टरांकडून आल्यापासून हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. वरठीवाला थोडा दूर जाऊन उभा राहिला. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "हेच गाडी घेऊ. हिच्यातून तुले मी दिसतो."

आम्ही ती घेतली. पुढे महिनाभर मी रोज मैदानात ट्रॉली मागे घ्यायला शिकत होते.

थंडीत आम्ही केशकालला गेलो. घाट चढताना ते डाव्या सीटवर बसून गियर सांगत होते. तिथे नसलेला ब्रेक त्यांचा उजवा पाय दाबत होता. धुकं मात्र नव्हतं, लख्ख ऊन होतं. वर पोचून गाडी बाजूला लावली. माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते. आजूबाजूला काय दिसतं ते बघावं, बोलावं, असं मला वाटेना. नुसतं गप्प बसावंसं वाटत होतं.

पूर्वी ते लांबच्या खेपेवरून यायचे आणि दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. मला वाटायचं, घरात यांचं मन नाही. त्याचा मला राग यायचा. कधी मी तो बोलूनही दाखवला होता. त्या दिवशी त्यांनी ट्रॉलीतल्या ओट्यावर चहा ठेवला, कप माझ्या हातात दिला आणि शेजारी बसले. घाट कसा वाटला, हे त्यांनी विचारलं नाही. आम्ही चहा प्यालो. बऱ्याच वेळाने मीच बोलायला लागले.